वस्तऱ्याचा जुना दगड : सपाट केला, पुढे काय?

पाणदगड

दोन महिन्यांपूर्वी मी एक उत्तम दगड जवळजवळ वाया घालवला होता. तो पुन्हा कामाला लागलाय, म्हणून हा धागा काढतोय.

दगड काळा अर्कान्सास, म्हणजे अमेरिकेतल्या अर्कान्सासचा कठीण, बारीक कणांचा दगड. आठ इंच लांब, दोन इंच रुंद, जुन्या लाकडी पेटीतला. हातात आला तेव्हा अंगावर वाळलेल्या तेलाचा डांबरासारखा थर होता आणि मधोमध खळगा पडला होता. पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं की खालून प्रकाशाची फट स्पष्ट दिसायची. म्हणजे आधी कोणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागी सुऱ्या, पटाशा घासल्या होत्या.

तेल काढलं, मग ३२५ नंबरच्या हिऱ्याच्या पाटीवर दगड घासायला घेतला. चार संध्याकाळी गेल्या. दगड सपाट झाला, पण पाटी बोथट झाली ती कायमची. अर्कान्सास ज्या खडकाचा असतो तो नोव्हाक्युलाइट म्हणजे जवळपास निव्वळ क्वार्ट्‌झ, कठीणपणाच्या मोह्‌स मापावर ७. हिरा त्याहून कितीतरी कठीण हे खरं, पण पाटीवरचे हिऱ्याचे कण निकेलच्या पातळ थरात रुतवलेले असतात. इतका कठीण आणि घट्ट दगड इतका वेळ घासला की ते उपटले जातात.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. सपाट दगडावर वस्तरा लावला तर धार आधीपेक्षा वाईट. हनुवटीखाली पातं अडकत होतं, कातडी चुरचुरत होती. मला वाटलं हात बिघडला. आठवडाभर कोन, दाब, शेवटी धार फिरवायचा चामडी पट्टा सगळं बदलून पाहिलं. शेवटी तीसपट भिंगाखाली दगडच धरला, तेव्हा त्याच्या अंगावर एकाच दिशेचे खोल ओरखडे दिसले. हिऱ्याच्या पाटीने काढलेले. ते ओरखडे जसेच्या तसे धारेवर उतरत होते.

मला कळायला उशीर झाला ती गोष्ट ही, की सपाट करणं हे अर्धंच काम आहे. दगडाच्या अंगाला शेवटचा हात कसा दिलाय, त्यावर धार ठरते. मऊ दगड असेल तर तो झिजतो आणि अंग आपोआप नवं होतं. अर्कान्सास तसा झिजतच नाही. त्याला जसं सोडाल तसाच तो महिनोन्‌महिने राहतो.

मग पुन्हा सुरुवात केली, या वेळी काचेवर. जाड सपाट काच, तिच्यावर सिलिकॉन कार्बाइडची सुटी भुकटी, पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. १२०, २२०, ४००, ६०० असा चढत गेलो. प्रत्येक नंबरनंतर दगड, काच, हात, बादली सगळं धुतलं. दगडाच्या कडा दातांच्या ब्रशने घासल्या. १२० नंबरचा कण साधारण दशांश मिलिमीटरचा असतो. तो एक जरी कडेच्या खाचेत राहिला आणि ६०० च्या फेरीत सुटला, तर आडवा चरा पाडून जातो. माझ्याकडून एकदा तसं झालं आणि ४०० पासून परत यावं लागलं.

६०० नंतर घोटाई. जुन्या रंध्याचं रुंद सपाट पातं घेतलं, दगडावर तेलाचे चार थेंब टाकले आणि पातं आडवं पालथं ठेवून दाबून घासलं. दोनशे-तीनशे हात तरी झाले असतील. हळूहळू आवाज बदलतो. आधी खसखस असते, मग सुळसुळ, आणि शेवटी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दगडावर ओलसर काळी झिलई चढते आणि खिडकीची चौकट त्यात तिरकी दिसायला लागते. तिथे थांबलो. दुसरी बाजू मुद्दाम ४०० वरच ठेवली, म्हणजे एकाच दगडाच्या दोन बाजू दोन कामांना झाल्या.

त्या दिवशी वस्तरा लावला आणि दाढी संपेपर्यंत पातं जाणवलंच नाही.

तुमच्याकडच्या जुन्या दगडांबद्दल लिहा. थुरिंजियन, कोटिक्यूल, न्हाव्याचे छोटे दगड, सगळ्यांबद्दल वाचायचंय.

करडी पाटी

छान लिहिलंत. माझ्याकडे थुरिंजियन आहेत, म्हणून त्यांच्यापुरतं सांगतो. तुमची अर्कान्सासची रीत तिथे लावली तर दगडाचं नुकसान होईल.

हा दगड जर्मनीतल्या थुरिंजियाचा, स्लेटच्या बारीक पाटीचा. झोनेबर्गच्या एशर कंपनीचे सगळ्यांत नावाजलेले. हा मऊ आहे. ४०० च्या वॉटर पेपरवर काचेच्या आधाराने दहा मिनिटांत सरळ होतो. मग १०००, मग २०००, बास. घोटत बसायची गरज नाही, कारण पातं फिरायला लागलं की दगड स्वतःच आपलं अंग मऊ करून घेतो.

माझा मुद्दा दुसराच आहे. जुन्या एशरवर लेबल असतं, कडेला किंवा पाठीवर, आणि त्यावर दगडाचा रंग छापलेला असतो : गडद निळा, निळसर हिरवा, फिका हिरवा, पिवळसर हिरवा. लेबल गेलं की दगड ओळखणं अवघड होऊन बसतं. म्हणून पाण्यात घालण्याआधी लेबल पूर्ण कोरडं करा, त्यावर पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. मी एकदा घाईत तसाच नळाखाली धरला होता. लेबलाचा कागद लगद्यासारखा बोटाला लागून आला. अजून ते आठवलं की जीव हळहळतो.

आणि पेटीत जो छोटा तुकडा असतो तो फेकू नका. तो त्याच जातीचा दगड आहे, मोठ्यावर घासून दूध, म्हणजे दगडाच्या भुकटीचं दाटसर पाणी, काढायला दिलेला. वेगळ्या दगडाने घासलंत तर दुसऱ्याच जाडीचे कण मिसळतील आणि एवढ्या बारीक दगडाचा काही उपयोग राहणार नाही.

नवशिका वस्तरा

नमस्कार. मी या विषयात अगदी नवा आहे. माझ्याकडे एक पिवळा-निळा जोडदगड आला आहे, बहुधा कोटिक्यूल. त्यावर तेल आहे. तेल काढायला गरम पाण्यात उकळावा असं कुठेतरी वाचलं. करू का?

भिंगवाली

नवशिका, उकळू नका! कृपया आधी हे वाचा.

कोटिक्यूल बेल्जियमच्या आर्देनमधला, व्हिएल्साल्मच्या आसपासचा. त्याची पिवळी शीर फार पातळ असते आणि नुसती काढली तर मोडते, म्हणून तिला खालून आधार लागतो. काही दगडांत पिवळा आणि निळा थर निसर्गतःच एकमेकांना धरून असतात, बाकीच्यांत पिवळी चकती पाटीवर चिकटवलेली असते. आधी बाजूने भिंग लावून बघा. दोन रंगांची सीमा किंचित नागमोडी, एकमेकांत मिसळलेली असेल तर जोड नैसर्गिक. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ असेल आणि फटीत तपकिरी किंवा काळपट काहीतरी दिसत असेल तर तो डिंक आहे. उकळत्या पाण्यात तो डिंक सुटतो. रॉकेलमध्ये दिवसभर बुडवून ठेवलात तरी सुटू शकतो.

तेलासाठी मी असं करते : भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश, दोन-तीन वेळा. मग दगड पुसून त्यावर टाल्कम पावडरचा जाड थर द्यायचा आणि ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पावडर पिवळट, चिकट झालेली असते. ती झटकून नवी घालायची. चार-पाच दिवसांत पावडर पांढरीच राहायला लागली की तेल निघालं. वेळ लागतो, पण दगडाला धोका नाही. कोटिक्यूल घट्ट असतो, त्यात तेल खोल शिरत नाही. बहुतेक वेळा घाण वरवरचीच निघते.

नवशिका वस्तरा

भिंगवालीताई, उशीर झाला. उकळला नाही, पण गरम पाण्यात अर्धा तास ठेवला होता आणि एका टोकाला पिवळा थर पाटीपासून सुटलाय. नख जाईल एवढी फट आहे. फार वाईट वाटतंय.

भिंगवाली

वाईट वाटून घेऊ नका, हे दुरुस्त होतं. अर्धवट सुटलेलं तसंच ठेवू नका. धार लावताना त्या टोकावर दाब आला की पिवळा थर तडकेल.

पुन्हा कोमट पाण्यात ठेवून उरलेला जोडही हळू सोडवून घ्या. ओढू नका, पातळ प्लॅस्टिकचं कार्ड सरकवत न्या. दोन्ही बाजूंचा जुना डिंक खरवडून साफ करा. मग दोन्ही तुकडे हवेशीर जागी किमान चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्या. इथेच लोक घाई करतात. ओल आत राहिली तर नवा जोड धरत नाही. नंतर दोन भागांचं इपॉक्सी, जे हळू सुकतं ते. पातळ पसरा, वर सपाट वजन ठेवा, बाहेर आलेलं लगेच पुसा. एक दिवस हात लावू नका.

केसासारखी चीर दिसली तर तिच्यावर पातळ सायनोअॅक्रिलेटचा (सुपरग्लूचा) एक थेंब सोडा. तो स्वतःच आत ओढला जातो. वरचं नंतर घासून काढा.

घोटीव

धागा वाचून राहवलं नाही. पाणदगड, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. सपाट, सपाट म्हणून लोक जुन्या दगडांचं निम्मं आयुष्य गटारात घालवतात. एकदा गेलेला दगड परत येत नाही.

साधा हिशोब मांडतो. वस्तरा दगडावर पाठ आणि धार अशा दोन रेघांवर टेकतो. दोन्हींतलं अंतर १६ मिलिमीटर धरू. दगड २०० मिलिमीटर लांब आणि लांबीच्या दिशेने मधोमध अर्धा मिलिमीटर खोल आहे. खळगा एकसारखा गोलाईचा असेल, तर पात्याच्या त्या १६ मिलिमीटरच्या आत दगड किती वाकलेला असतो? सुमारे ०.००३ मिलिमीटर, म्हणजे तीन मायक्रॉन. डोळ्याला भयंकर दिसणारा खळगा वस्तऱ्याला कळतसुद्धा नाही.

आता तोच खळगा रुंदीच्या दिशेने घ्या. धार रुंदीभर आडवी टेकते. तिथे ५० मिलिमीटरमध्ये ०.२ जरी खड्डा असला तरी धारेचा मधला भाग अधांतरी राहतो, दगडाच्या दोन कडा टाच (पात्याची मुठीकडची बाजू) आणि टोक खात बसतात. पीळ, म्हणजे दगडाचे चार कोपरे एका पातळीत नसणं, तर त्याहून वाईट. म्हणून मी आधी रुंदी तपासतो, मग पीळ, आणि लांबीचा खळगा थोडा असेल तर तसाच ठेवतो.

आणि सपाटी तपासायला दगडावर पेन्सिलीच्या रेघांची जाळी मारली की ती अगदी कोपऱ्यापर्यंत पुसली गेलीच पाहिजे, हा हट्टही सोडा. टोकाचे पाच मिलिमीटर खाली राहिले तरी तिथे पातं कोण नेतं?

पाणदगड

घोटीव, हा हिशोब आधी माहीत असता तर माझ्या दोन संध्याकाळी आणि हिऱ्याची पाटी दोन्ही वाचलं असतं. कागदावर मांडून पाहिला, बरोबर आहे.

फक्त एक भर. ज्या दगडावर पूर्वी सुऱ्या-पटाशा लावल्या गेल्यात तो सहसा फक्त लांबीला खचत नाही, बशीसारखा दोन्हीकडे खचतो. माझा तसाच होता. म्हणून आता मी आधी रुंदीत तीन ठिकाणी पट्टी लावतो : मध्ये आणि दोन टोकांना. तिन्हीकडे फट दिसली नाही तर काचेला हातच लावत नाही.

कडांबद्दल कोणी लिहिलं नाही. जुन्या दगडाच्या कडा सपाट करताना धारदार होतात आणि वस्तरा तिरका ओढताना धार नेमकी त्या कडेवरून जाते. तिथे टवका उडाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चारी कडा ४५ अंशांत मिलिमीटरभर मारून घ्या, मग गोल करा. दगड ओला ठेवून, वॉटर पेपर कडेच्या लांबीने ओढायचा. आडवा ओढला तर कपची निघते.

करडी पाटी

एक काळजीची गोष्ट, कृपया कोणी हलक्यात घेऊ नका. हे सगळे दगड म्हणजे कमी-जास्त प्रमाणात सिलिका. अर्कान्सास तर जवळजवळ पूर्णच. कोरडं घासू नका, कधीच. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ओलं घासा. आणि काम झाल्यावर ओट्यावर, काचेवर जो चिखल उरतो तो वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्या. वाळल्यावर झाडू मारलात तर तीच धूळ हवेत उडते.

कानशीजवळ

न्हाव्यांच्या छोट्या दगडांबद्दल विचारलं होतं ना? मी तेच जमवतो. चार-पाच इंच लांब, तळहातात मावणारे. यातले बहुतेक कृत्रिम आहेत. अमेरिकन संशोधक एडवर्ड अॅचेसनने १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत सिलिकॉन कार्बाइड शोधलं. त्यानंतर असे कृत्रिम दगड बाजारात आले आणि न्हाव्यांच्या खुर्चीशेजारी पोचले. रोजच्या वापराने धार उतरली की चार-सहा हात फिरवायचे, एवढंच यांचं काम. मोडलेली धार यांच्यावर बसवायची नसते.

यांचा रोग वेगळा. खचत नाहीत, मुके होतात. पोलादाची भुकटी आणि वाळलेला साबण छिद्रांत बसतो, अंग आरशासारखं चमकतं आणि पातं नुसतं घसरतं. लोक ते बघून लगेच हिऱ्याच्या पाटीवर घेतात. तसं करू नका. कारखान्यातून आलेलं मूळ अंग अजून शाबूत असेल तर ते ठेवण्यासारखं असतं, आणि जाड ओरखडे पडले की ते बसायला खूप दिवस जातात. आधी साबण आणि ताठ ब्रशने मनापासून धुवा. शंभरांत नव्वदांना तेवढंच पुरतं, असं मी माझ्या हाताखालून गेलेल्यांबद्दल म्हणतो. नाहीच जमलं तर १००० चा ओला पेपर काचेवर, हलक्या हाताने वीस फेऱ्या, मग २०००.

रॉकेल, स्पिरिट यांत बुडवणं टाळा. आतले कण कशाने बांधलेत ते बाहेरून कळत नाही. काहींचं बंधन अशा द्रवांत मऊ पडतं.

वापरताना पाण्याऐवजी दाढीच्या साबणाचा फेस लावून बघा. पातं जरा तरंगतं, दगड सौम्य वागतो. न्हावीसुद्धा हेच करायचे, कारण फेस हाताशीच असायचा.

भिंगवाली

कानशीजवळ, फेसाबद्दल अगदी पटलं. अर्कान्सासवरही मी आता तेल वापरत नाही, साबणाचं पाणीच. पण जुना तेलाचा दगड पाण्यावर आणायचा तर तेल पूर्ण गेलेलं हवं, नाहीतर पाणी थेंब थेंब होऊन उभं राहतं.

कोटिक्यूलबद्दल जरा जास्त लिहिते, कारण माझा सगळ्यांत लाडका दगड तोच. पिवळ्या थरात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक स्फटिक असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे, आणि ते दगडाच्या तिसऱ्या हिश्शाइतके किंवा त्याहून जास्त. निळ्यात ते कमी आणि थोडे मोठे. एवढे मोठे कण असूनही धार इतकी गुळगुळीत का येते, याचं मला फार दिवस कोडं होतं. स्फटिकांना भरपूर पैलू असतात, ते जवळपास गोल असतात. पोलादात खोल रुततच नाहीत.

म्हणून कोटिक्यूलचं अंग तयार करणं म्हणजे दूध आणि पाणी यांचा खेळ. छोट्या दगडाने घासून ताकाएवढं दाट दूध काढायचं. त्यावर दगड वेगाने खातो. मग वीस-तीस हात झाले की बोटाने एक थेंब पाणी. पुन्हा हात, पुन्हा थेंब. दूध पातळ होत जातं, दगड मऊ बोलायला लागतो. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी. त्या टप्प्याला पातं दगडाला चिकटल्यासारखं ओढलं जातं आणि धारेपुढचं पाणी पात्यावर चढतं. मी तो क्षण भिंगाने नाही, पाण्याने ओळखते.

सपाट केल्यावर मात्र हिऱ्याच्या पाटीचे ओरखडे इथेही काढायला लागतात. छोट्या कोटिक्यूलनेच पाच मिनिटं घासा. वॉटर पेपर नको.

घोटीव

जपानी नैसर्गिक दगड कोणाकडे असतील तर एवढं लक्षात ठेवा : ते थराथराचे असतात आणि पाणी बाजूंनी आत जातं. बाजूंना आणि तळाला लाख किंवा वॉर्निशचा थर द्या, वरचं अंग मोकळं ठेवा. बुडवून ठेवू नका, वरून शिंपडा. वाळवताना उन्हात नको, सावलीत. पापुद्रे सुटायला लागले की ते थांबवणं कठीण. ओला दगड गोठेल अशा जागी तर कुठलाच ठेवू नका, आतलं पाणी फुगून तो फोडतं.

नवशिका वस्तरा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येतोय.

दगड सोडवला, सहा दिवस वाळवला, इपॉक्सीने जोडला. जोड पक्का बसलाय. घोटीव यांनी सांगितल्याप्रमाणे आधी रुंदीत पट्टी लावली, मध्ये बारीकशी फट होती, दोन टोकांना नव्हती. म्हणून फक्त तेवढंच काढलं. कडा गोल केल्या. मग ताईंच्या रीतीने दूध काढलं आणि पातळ करत गेलो. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा पाणी पात्यावर चढलं, अगदी लिहिलंय तसंच. मी तिथेच थांबून ते परत परत करून पाहिलं.

एक शंका उरली आहे. धारेच्या टाचेकडचा एक सेंटिमीटर भाग अजून केस तोडत नाही. बाकी सगळीकडे तोडतो. दगडात दोष राहिला असेल का?

भिंगवाली

खूप आनंद झाला!

दगड असण्याची शक्यता कमी. धारेच्या उतारावर काळी मार्करची शाई लावा, दगडावर तीन हलके हात फिरवा आणि बघा टाचेकडची शाई निघते का. निघाली नाही तर पातं तिथे टेकतच नाहीये. बऱ्याच जुन्या वस्तऱ्यांत टाचेजवळचा जाड खांदा दगडाच्या कडेवर चढतो आणि धार उचलली जाते. पातं थोडं तिरकं धरून, टाच पुढे ठेवून ओढा, म्हणजे खांदा दगडाबाहेर राहील. शाई पूर्ण निघायला लागली की दुधापासून परत एकदा सगळं करा, मग चामड्यावर पन्नास हात.

नवशिका वस्तरा

शाई टाचेकडे तशीच राहिली होती! तिरकं धरल्यावर निघाली. आज रात्री परत दुधापासून सुरू करतो.